डावी बाजू माझी

"खोक्यावर पाय ठेवू नका कुणी," डॉक्टर मगदूम म्हणाले, "जपानवरून आलंय ते."

जपानपासून कोल्हापूरपर्यंत त्या लाकडी खोक्यावर कुणी काय काय ठेवलं होतं, ते झाकण उघडल्यावर कळलं. पुढचा बंपर, मागचा बंपर, दोन बाजूंच्या पट्ट्या आणि चार चाकांवर बसवायच्या चार रुंद कमानी, सगळं फायबरचं. त्यातली मागच्या डाव्या चाकाची कमान मधोमध तडकलेली होती आणि उरलेल्यांपैकी एकही सरळ नव्हती. उन्हात वाळत घातलेल्या पापडासारख्या कडा वर आल्या होत्या.

डॉक्टरांचं तोंड उतरलं. ते दातांचे डॉक्टर, राजारामपुरीत दवाखाना, बोलायला गोड माणूस. मस्कतहून परतलेल्या कुणाकडून त्यांनी ती सेलिका घेतली होती. नव्वद सालची, दोन दारांची, दिवे डोळ्यांसारखे उघडमीट करणारी. तेरा वर्षांची म्हातारी झाली होती, पण उद्यमनगरच्या रस्त्यावरून आली की लेथवरची माणसं मशीन थांबवून बघायची. तिला रुंद करायचं, मोठी चाकं घालायची आणि दसऱ्याला बाहेर काढायची, एवढा एकच ध्यास डॉक्टरांनी घेतला होता.

"इस्माईलभाई, हे बसेल ना?"

"किट कधी बसत नसतंय, डाक्टर," वस्ताद म्हणाले. "बसवावं लागतंय."

इस्माईल शिकलगार म्हणजे आमचे वस्ताद. त्यांच्या शेडमध्ये मी अकरा वर्षं होतो. मी भरमा लोहार, गडहिंग्लजकडचा. पत्रा हे माझं काम. चेपलेला पत्रा आतून लोखंड लावून बाहेरून हातोडीनं उठवायचा, तो असा की रंग दिल्यावर गाडीच्या मालकालाही धडक कुठं बसली होती ते सापडू नये. आणि दुसरा होता सर्जेराव निगवेकर. कुंभार गल्लीतला, बापजाद्यांचा धंदा गणपतीचा. साच्यात हात घालूनच जन्माला आलेला. तो तीन वर्षांपूर्वी आला तो फायबर घेऊन. काचेच्या धाग्यांची चटई, त्यावर रेझिन, त्यात हार्डनर, की झाला बंपर तयार. मी त्याला खळ लावलेली चिंधी म्हणायचो. सर्जा हसायचा. त्याला राग येत नसे, आणि मला नेमका त्याचाच राग यायचा.

त्या दिवशी डॉक्टर गेल्यावर वस्तादांनी आम्हा दोघांना समोर बसवलं. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. नवरात्र संपलं की मिरजेला ऑपरेशन आणि तिथून पुण्याला मुलाकडे, हे ठरलं होतं. पुढे शेडचं काय, हे तेवढं कुणी विचारत नव्हतं.

"खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाली की चावी एकाच्या हातात देणार," ते म्हणाले. "एकाच्याच. एका म्यानात दोन तलवारी बसत न्हाईत, हे शिकलगाराला कुणी सांगाय नको. ह्या गाडीची डावी बाजू भरम्याची, उजवी सर्जाची. दोन्ही पुऱ्या झाल्या की एकदमच तपासीन. ज्येचं काम खरं, त्येची शेड."

"वस्ताद, फुटकी कमान डावीकडचीच हाय," मी म्हणालो.

"मग?"

मग काय! माझ्या नशिबाचं फुटकं नेहमी माझ्याच बाजूला येतं, हे मी त्यांना काय सांगणार?

सर्जा लगेच पुढे झाला. "भरमादा, मी साचा काढून देतो की तुला नवी. दोन दिवसांचं काम."

"तुझी तू बघ," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी गाडी चार लोखंडी घोड्यांवर टेकवली. वस्तादांनी पुढच्या कंपनीच्या निशाणीतून आणि मागच्या डिकीच्या कुलपातून ओळंबा सोडला. मी खाली वाकून बिंदू धरले. त्या दोन बिंदूंवर काँक्रीटमध्ये दोन खिळे ठोकून त्यांनी नाकापासून शेपटीपर्यंत दोरी ताणली. गाडीचा मध्य तो. आता दोन्हीकडची मापं त्या दोरीपासून घ्यायची. मागच्या कमानीची बाहेरची कड दोरीपासून बरोबर चौतीस इंचांवर, डावीकडेही आणि उजवीकडेही.

"गाडी शेडबाहेर जाईस्तोवर दोरी हलवायची न्हाई," वस्ताद म्हणाले. "पाय उचलून जायचं. माणूस खोटं बोलंल, डोळा खोटं बोलंल, दोरी बोलत न्हाई."

मूळचा पत्रा कापल्याशिवाय रुंद चाक आत बसत नाही. आणि एकदा कापलेला पत्रा पुन्हा जोडला तरी तो जोडलेलाच दिसतो. त्यामुळे ग्राइंडर लावायच्या आधी मी तीन वेळा मापलं. मग कापलं. फुटक्या कमानीच्या जागी फायबर घ्यायचंच नाही असं मी ठरवलं. अठरा गेजचा पत्रा घेतला आणि वाळूच्या पिशवीवर ठेवून हातोडीनं ती कमान घडवायला बसलो. चार दिवस लागले. दंड भरून आले, पण पत्रा असा गोल वळला की मलाच माझं कौतुक वाटलं.

सर्जानं येऊन कमानीवरून तळहात फिरवला. "भरमादा, हे फायबरात जमत न्हाई गा. ही गोलाई हातोडीचीच."

तो खरंच मनापासून बोलला होता. मला ते कळत होतं. पण त्याच्या शाबासकीला मी काय चाटायचं होतं?

वस्ताद आले. त्यांनी कमानीवर फडकं पसरलं, डोळे मिटले आणि फडक्यावरून हात फिरवला. उंचसखल तसंच कळतं, डोळ्यांना दिसत नाही ते.

"चालतंय," ते म्हणाले.

अकरा वर्षांत वस्तादांकडून मला मिळालेला सगळ्यात मोठा शब्द "चालतंय" हाच होता. मी मानून घेतला असता. पण तिथून ते उजवीकडे गेले. सर्जानं वाकडी आलेली कमान बाजूला टाकून शाडूच्या मातीनं गाडीवरच नवा आकार बसवला होता, त्यावरून साचा घेणार होता. अजून नुसती मातीच होती. वस्तादांनी त्या मातीवर हात ठेवला, फिरवला, परत फिरवला.

"वा, बेटा," ते म्हणाले.

मातीला वा! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तिकडे पाठ केली आणि काही कारण नसताना हातोडी घासत बसलो.

पुढचे आठ दिवस मी उजवी बाजू बघायची नाही असं ठरवायचो आणि दिवसभर तीच बघायचो. सर्जा साच्याला मेण लावायचा ते बघायचो. ब्रशनं चटईतले बुडबुडे दाबून काढायचा ते बघायचो. एखाद्या ठिकाणी तरी बुडबुडा राहील, कुठं तरी साचा चिकटून बसेल, या आशेवर होतो. एकदाही नाही. कवच साच्यातून असं सुटून यायचं, की वाटायचं साच्यालाच ते द्यायची घाई आहे. डॉक्टर रोज संध्याकाळी दवाखाना बंद करून यायचे ते सरळ त्याच्याकडे.

"अरे, मी दाताचं माप असंच घेतो," ते हसून म्हणायचे. "सर्जेराव, आपण एकाच धंद्यातले!"

माझ्याकडे येऊन म्हणायचे, "काय भरमा, बरं चाललंय ना?"

बरं चाललंय! पोटात नुसता जाळ पेटला होता. त्या दोघांचं हसू ऐकलं की हातोडीचा घाव चुकायचा. मला शेड हवी होती, हे तर खरंच. पण त्याहून खरं असं, की ती सर्जाला मिळालेली मला नको होती. रात्री जेवताना घास गिळवत नसे. बायको विचारायची, दाढ दुखते का? मी म्हणायचो, हो.

आणि मग तो शुक्रवार आला.

माझी बाजू पुरी झाली होती. मागची डावी कमान चौतीस इंचांवर बसवून, वेल्डिंग करून, पुट्टी भरून मी मोकळा झालो होतो. सर्जाची मागची कमान तयार होती, पण बसवायची बाकी होती. दुपारी माप घेऊन पत्रा कापायचा आणि कमान चढवायची असा त्याचा बेत होता. हार्डनर संपला म्हणून तो शाहूपुरीत गेला. वस्ताद जुम्म्याच्या नमाजाला गेले. शेडमध्ये मी एकटा उरलो.

मी मागच्या खिळ्यापाशी उकिडवा बसलो होतो. कधी बसलो ते आठवत नाही. हातात माझी जाळीच्या तोंडाची हातोडी होती. ताणलेला पत्रा आखडून घ्यायला ती वापरतात, तिच्या तोंडावर चौकटी कोरलेल्या असतात. पक्कड लावून मी खिळा उपटला, उजवीकडे चार सूत सरकवला आणि ठोकला. चार सूत म्हणजे अर्धा इंच. जुन्या भोकात धूळ भरून त्यावर पाय फिरवला.

मनातले मांडे असे होते, की सर्जा आता या दोरीपासून चौतीस इंच मोजेल आणि त्याची कमान माझ्यापेक्षा अर्धा इंच बाहेर येईल. मागून बघणाऱ्याला गाडीचा उजवा गाल सुजलेला दिसेल. डॉक्टर रोज सुजलेले गाल बघतात, त्यांना तर दारातूनच कळेल.

सर्जा आला. त्यानं दोरी ओलांडताना नेहमीसारखा पाय उचलला. काटकोनाचा गुण्या लावून माप घेतलं, पुन्हा घेतलं, तिसऱ्यांदा घेतलं. मग ग्राइंडर सुरू केला. ठिणग्या उडाल्या तेव्हा मला ओरडावंसं वाटलं, थांब म्हणावंसं वाटलं, हे मी देवाशपथ सांगतो. पण मी ओरडलो नाही, हेही तितकंच खरं.

सोमवारी सकाळी तपासणी ठेवली. डॉक्टरही दवाखाना उशिरा उघडणार म्हणून येऊन थांबले. ते गाडीच्या मागे उभे राहिले, मान तिरकी केली.

"इस्माईलभाई, मला ही उजवी बाजू जरा..."



"डोळ्यावर न्हाई जायाचं, डाक्टर," वस्ताद म्हणाले. "माझे तर गेलेलेच हायत. दोरीवर बघू. सर्जा, टेप धर."

सर्जा दोरीपाशी गुडघ्यावर बसला. टेपचं टोक धरून तो क्षणभर खिळ्याकडे वाकला, मग सरळ झाला. डॉक्टरांनी दुसरं टोक कमानीच्या कडेला लावून आकडा वाचला.

"उजवी बाजू चौतीस. बरोबर."

"आता डावी."

डॉक्टर फिरून माझ्या बाजूला आले. आणि त्या दहा पावलांत माझ्या डोक्यात उजेड पडला. दोरी एकट्या सर्जाची नव्हती. ती उजवीकडे सरकली, म्हणजे माझ्यापासून लांब गेली.

"चौतीस..." डॉक्टर थांबले. "चौतीस आणि अर्धा."



"भरम्या," वस्ताद म्हणाले, "चार सूत?"

करायला गेलो काय आणि झालं काय! माझी कमान खरी होती. अकरा वर्षांतलं सगळ्यात खरं काम होतं ते माझं. पण ते खरं ठरवायचं, तर दोरी खोटी आहे असं म्हणावं लागणार होतं, आणि ती खोटी कुणी केली हा प्रश्न लगेच पुढे येणार होता.   चावी डोळ्यांदेखत चालली होती.

"वस्ताद," सर्जा म्हणाला, "भरमादाचं माप बरोबर असणार. दोरी चुकलीया."

"दोरी कशी चुकंल? मी सवता मारलीया."

सर्जानं टेप गुंडाळली. "शुक्रवारी कंप्रेसरची नळी ओढताना खिळा उपसला. मी अंदाजानं परत ठोकला. हलला असंल."

वस्तादांनी ओळंबा मागवला. पुन्हा कुलपातून सोडला, बोटानं चाचपून बघितला. चार सूत. मग ते सर्जाकडे वळले.

"मला सांगितलं न्हाईस?"

"न्हाई, वस्ताद. चुकलं."

"खिळा उपसू दे. उपसतोय. सांगितलं न्हाईस."

 सर्जानं त्याच दिवशी उजवी कमान काढली आणि तीन दिवस राबून पुन्हा बसवली. खपली निघाल्यासारखा तो कापलेला पत्रा बघून डॉक्टर हळहळले, पण सर्जानं असं काम केलं की शेवटी कुणाला सांगूनही पटलं नसतं. त्या तीन दिवसांत तो माझ्याशी नेहमीसारखाच वागला. मी समजलो, खरंच त्याच्या नळीनं खिळा उपसला असेल, मी ठोकलेलाच पुन्हा उपसला असेल. माणसाला सोयीचं असलं की काहीही पटतं.

खंडेनवमीला हातोड्या, पकडी, ग्राइंडर सगळं पुसून मांडलं. झेंडू, हळद-कुंकू, नारळ. सर्जानंच मांडणी केली, ते त्याच्या घरचंच काम. पूजा झाल्यावर वस्तादांनी माझा हात धरला आणि त्यात चावी ठेवली. डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या. सर्जानंही वाजवल्या. मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. कुठं तरी, डोळ्याच्या कोपऱ्यात तरी, मला जे त्याच्याबद्दल तीन वर्षं वाटलं ते माझ्याबद्दल दिसेल म्हणून बघत होतो. काही नव्हतं. चावी हातात असूनसुद्धा मला पुन्हा त्याचाच हेवा वाटला.

संध्याकाळी तो चौकातल्या चहाच्या टपरीपाशी थांबला होता.

"भरमादा, मी उद्यापासनं येत न्हाई."

"का रं?"

"खिळ्याच्या माथ्यावर जाळी उठलीया," तो म्हणाला. "तसल्या तोंडाची हातोडी शेडात एकाचीच हाय."

मी टपरीच्या बाकावर बसलो. 

"कधी बघितलंस?"

"सोमवारी. टेप धरून बसलो तवा."

"मग बोलला का न्हाईस? उलटं सवतावर का घेतलंस?"

सर्जा नखात अडकलेलं रेझिन काढत होता.

"तुझं तोंड बघवंना," तो म्हणाला. "मला काम येतंय, दादा. शेड नसली तरी येतंय. गल्लीत साचं हायत, बाहेर गाड्या हायत. तुला शेड मिळाली नसती तर तू काय केलं असतंस? मला वाटलं, घेऊ दे. मी तुझ्या हाताखाली करीन. पण आज वस्तादांनी मला हात बी लावला न्हाई. एवढं न्हाई सोसवत."

तो खोटं बोलत नव्हता. मला तो खोटं बोलायला हवा होता.

"वस्ताद उद्या सकाळी मिरजेला निघालेत," तो पुढे म्हणाला. "तू जाऊन खरं सांगून ये. चावी तुझ्याकडंच ऱ्हाऊ दे, मी मागत न्हाई. तेवढं माझं नाव धुवून आण. मग मी उद्या सकाळी आठला हजर. तुझ्या हाताखाली. जा, मी दोन च्या सांगून ठेवतो."

मी उठलो. सांगायचंच म्हणून उठलो. सदर बाजारात वस्तादांच्या घरापर्यंत चालत गेलो आणि वाटेत वाक्यं जुळवत गेलो. वस्ताद, दोरी मी हलवली. चार शब्द तर होते.

वस्ताद खाटेवर बसले होते. पायाशी पिशवी भरून ठेवलेली. माझा आवाज ओळखून त्यांनी जवळ बसवलं.

"बरं झालं आलास. एक गोष्ट पोटात हाय, ती तुला सांगून जातो. रागावू नको."

"सांगा, वस्ताद."

"सर्जाचा हात तुझ्यापरास भारी हाय. तुला बी ठावं हाय, मला बी. चावी त्येचीच हुती. पहिल्या दिवसापासनं त्येचीच. ती बाजू वाटून दिली, ती नुसती तुला पटावं म्हणून."

मी ऐकत होतो. एवढे दिवस पोटात जळत होतं ते सगळं खरं होतं तर. मला भ्रम झाला नव्हता.

"पण दोरी हलवून गप बसणाऱ्याच्या हातात शेड कशी द्यायची?" त्यांचे पांढुरके डोळे माझ्या तोंडावर होते, पण त्यांना काही दिसत नव्हतं. "तूच सांग, भरमा."

अकरा वर्षांत पहिल्यांदा ते मला भरम्या म्हणाले नाहीत.

"न्हाई द्यायची, वस्ताद," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली, माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी त्यांच्या पाया पडलो आणि बाहेर आलो. चौकात सर्जा दोन चहा सांगून बसला असणार होता. मी मागच्या बोळानं घरी गेलो.